बांध, तिवर आणि माणसे



कल्याणहून भिवंडीकडे जाणारी गाडी दुर्गाडीच्या पुलावर आली, की खाडीच्या काठाने पसरलेला दाट हिरवा पट्टा नजरेस पडतो. शहरातल्या पाहुण्यास तो पाहून बरे वाटते. एवढी वस्ती वाढली, यंत्रमाग आले, गोदामे आली, तरी निसर्गाने आपली जागा सोडली नाही, असे तो म्हणतो. आमच्या संगतीने त्या पुलावरून गेलेल्या कितीतरी सुशिक्षित मित्रांनी हेच उद्गार काढले आहेत. त्यांचे मन मोडणे आमच्या जिवावर येते. पण इतिहासावर बोलावयास उभे राहिल्यावर खरे ते सांगितलेच पाहिजे. त्या पट्ट्यातील पुष्कळसे रान हे जुने रान नव्हे. ते आमच्यापेक्षा वयाने लहान आहे. त्या तिवरांच्या मुळांखाली भाताची खाचरे आहेत, आणि त्यांपैकी काही खाचरांतला चिखल आम्ही लहानपणी स्वतः तुडविला आहे.

आम्ही कोनचे. कोन म्हणजे दुर्गाडी किल्ल्याच्या समोर, उल्हास नदीच्या पलीकडच्या तीरावरचे गाव. १६५७ साली शिवाजीमहाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि दुर्गाडीच्या पायथ्याशी आरमाराची गलबते बांधविली, हे आपण शाळेत शिकतो. त्या खाडीच्या अलीकडच्या काठावर भात पिकविणाऱ्या माणसांचा इतिहास मात्र कोणी शिकवीत नाही. आमचा धंदा कामगार चळवळीचा. शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयांत व गेटसभांत अधिक, असे झालेले. तेव्हा आम्ही जे सांगणार ते पंडिताच्या थाटाने नव्हे, तर हिशेब तपासणाऱ्या कार्यकर्त्याच्या रीतीने.

शेत टाकले की रान येते, ही साधी गोष्ट आहे. पण शेत कोणी टाकले, का टाकले, आणि रान आल्यावर लाभ कोणाच्या पदरात व तोटा कोणाच्या पदरात पडला, हे तीन प्रश्न विचारले की ती गोष्ट साधी राहत नाही.

खारजमीन कशी होते

कोन-गोव्यापासून खाली काल्हेर, कशेळी आणि पुढे खारबावपर्यंत खाडीकाठची जमीन ही देवाने दिलेली शेतजमीन नव्हे. ती माणसांनी समुद्राच्या तोंडातून काढून घेतलेली आहे. खारबाव, खारेगाव, पलीकडे रायगडात खारघर, खारेपाट, ही नावेच त्या कामाची साक्ष देतात. कुलाबा जिल्ह्यात अशी जमीन काढून देणाऱ्यास सवलतीने देण्याची 'शिलोत्री' नावाची पद्धत इंग्रजांच्याही आधीपासून होती.

ही जमीन करण्याची रीत अशी. भरतीचे पाणी जेथे पसरते तेथे चिखलाचा लांब बांध घालावयाचा. पावसाचे पाणी बाहेर जावे आणि खाडीचे आत येऊ नये म्हणून बांधात उघाडी ठेवावयाची. उघाडीची लाकडी झडप मोठी हुशार असते. भरतीच्या पाण्याचा दाब बाहेरून पडला की ती मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. असे दोन-चार पावसाळे गेले, की पावसाने जमिनीतले मीठ धुऊन जाते आणि मग तीत भात येऊ लागते. तेही कोणतेही भात नव्हे. काळा रता, भुरा रता अशा खारे सोसणाऱ्या जाती असत. डोंगराकडच्या शेतकऱ्यासारखे राब भाजून रोप करण्याची दगदग येथे नसे. मोड आणलेले बी चिखलात फेकून पेरीत. पीक फार नसे, पण भरवशाचे असे. जोवर बांध उभा, तोवर भाकरीची चिंता नाही, असा हा हिशेब.

पण बांध उभा ठेवणे हे एकदाचे काम नव्हे. खेकडे बांधाला भोके पाडतात. उधाणाच्या लाटा त्याची माती खातात. दर वर्षी चैत्र-वैशाखात चिखलाचे गोळे हातोहात देऊन बांध चढवावा लागे. पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि वरून नदीचा लोंढा एके ठिकाणी आले, म्हणजे रात्री-अपरात्री बांधावर कंदील घेऊन फिरावे लागे. कोठे खांड पडली, की बोंब ठोकली जाई आणि घरटी एक माणूस घमेले-फावडे घेऊन धावे. त्या वेळी कोणाचे शेत खांडीजवळ आणि कोणाचे दूर, हा प्रश्न कोणी विचारीत नसे. कारण खारे पाणी सातबारा वाचून आत शिरत नाही. एकाच्या शेतात शिरले की ते साऱ्यांच्या शेतांत शिरले.

येथे आमच्या धंद्यातला माणूस थबकतो. घरटी एक माणूस, प्रत्येकाची वर्गणी श्रमाची, आणि एकाने अंग काढले तर सर्वांचा घात. याला आम्ही कारखान्यात संघटना म्हणतो. युनियन हा शब्द आमच्या खाडीकाठी येण्याच्या कितीतरी आधी बांध ही आमची युनियन होती.

तो काळ सोन्याचा नव्हता

मात्र एवढ्यावरून कोणी असे समजू नये, की पूर्वी सर्व गोडीगुलाबीने चालत होते. कोकणात बांधाचे काम पुष्कळ ठिकाणी वेठीने होई. जमीन खोताची वा सावकाराची, घाम कुळाचा, आणि खळ्यावर भाताची वाटणी होताना माप मालकाच्या हातात. या अन्यायाला सर्वांत खणखणीत उत्तर खारेपाटातच मिळाले. अलिबाग तालुक्यात चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला. पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांची जमीन कसावयाचे नाकारले. तो संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे शेते पडीक ठेवून, जंगलातली लाकडे विकून आणि मिळेल ती मजुरी करून त्या लोकांनी तग धरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोतीच्या निर्मूलनाचे विधेयक मांडले. आमच्या ठाणे जिल्ह्यात १९४५ साली वारली बांधवांनी वेठबिगारीविरुद्ध जे बंड केले, त्याची आठवणही येथे केली पाहिजे.

शेत पडीक टाकणे हे त्या वेळी लढ्याचे हत्यार होते, हे ध्यानात ठेवावे. कारण पुढे शेते पडीक पडली ती लढ्याने नव्हे, आणि ती कोणी ठरवूनही टाकली नाहीत.

स्वातंत्र्यानंतर कायदे झाले. १९४८ चा कुळकायदा, १९४९ चा खोती नष्ट करणारा कायदा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, ज्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. हे मोठे काम झाले, याविषयी आमच्या मनात यत्किंचित शंका नाही. आमच्या आजोबांच्या नावावर जमिनीचा तुकडा लागला तो या कायद्याने.

परंतु एक गोष्ट राहून गेली. जमिनीचे तुकडे झाले आणि एकेकाच्या नावावर चढले. बांधाचे मात्र तुकडे होत नव्हते. पूर्वी मालक दरडावून बांध करून घेई. मालक गेला, त्याबरोबर दरडावणी गेली, हे उत्तम झाले. पण दरडावणीच्या जागी जी व्यवस्था यावयास हवी होती ती पुरती आली नाही. १९४८ साली खारजमिनींचा कायदा झाला, पुढे १९७९ साली खारभूमी विकासाचा नवा कायदा झाला. सरकारच्या योजनेत जे बांध आले त्यांची डागडुजी सरकारकडे गेली. जे आले नाहीत ते गावावर राहिले. आणि गावाला तर त्याच सुमारास दुसरीकडून हाक येत होती.

भोंग्याची हाक

मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी १८५३ साली आली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. भिवंडीत उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी हातमाग आणले आणि १९३० च्या पुढे हातमागांचे यंत्रमाग होऊ लागले. कल्याण, अंबरनाथ, ठाणे येथे कारखाने उभे राहिले. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि जिल्ह्यात औद्योगिक वसाहती पसरल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. त्या संपानंतर गिरण्या मोडल्या आणि कापडाचे काम भिवंडीच्या मागांकडे आणखी लोटले.

आमचे वडील १९६० च्या दशकात एका कारखान्यात लागले. घरी बावीस गुंठे खारजमीन होती. पहिली काही वर्षे ते रजा काढून बांधावर येत. पुढे रजा मिळेना. तेव्हा त्यांनी आपल्या ऐवजी मजूर लावावा म्हणून पैसे पाठवावयास सुरुवात केली. गावाने पैसे घेतले, पण मजूर मिळेना. कारण मजुरी करणारा माणूसही कारखान्याच्या किंवा मागाच्या वाटेला लागला होता. मग पैसेही थांबले. यात वडिलांचा दोष काढण्यास आमची जीभ रेटत नाही. महिन्याच्या महिन्यास हाती येणारा पगार आणि वर्षातून एकदा येणारे भात, यांत चार लेकरांच्या बापाने काय निवडावे? परंतु हाच हिशेब घराघरांत झाला. ज्या बांधावर घरटी एक माणूस येई, तेथे तीन घरांमागे एक येऊ लागला, आणि तो एक म्हणजे बहुधा म्हातारा किंवा बाईमाणूस असे.

त्यातच खाडीवर दुसरी संकटे आली. वालधुनीतून अंबरनाथ-उल्हासनगरचे सांडपाणी खाडीस मिळू लागले. रेती काढण्यासाठी सक्शन पंप लागले आणि तळ खरवडल्याने काठ ढासळू लागले. अशक्त माणसाला जसा साधा तापही पुरतो, तसे त्या निराधार बांधाचे झाले.

१९८० च्या दशकात एका पावसाळी उधाणात आमच्याकडच्या बांधाला खांड पडली आणि ती कोणी बुजविली नाही. त्या रात्री बांधावर गेलेली आमच्या शेजारची काकी आम्हास पुढे अनेकदा म्हणाली, "बांद पान्यानी नाय फुटला, पोरा, मानसा नव्हती म्हनून फुटला." खारजमिनीच्या इतिहासावर यापेक्षा अचूक वाक्य आम्हास कोणत्याही पुस्तकात मिळालेले नाही. त्या काकीने आपले शेत टाकले नव्हते. तिचे भात पोटरीस आले होते. ज्यांनी टाकले त्यांच्यामुळे तिचेही बुडाले.

हेच या प्रकरणाचे मर्म आहे. डोंगराकडच्या शेतकऱ्याने आपले वरकस सोडले तर त्याच्या वरकसात झुडपे येतात. शेजाऱ्याचे नागलीचे शेत रानडुकरांचा त्रास सोसून का होईना, उभे राहते. खारजमिनीत तसे नाही. येथे शेत टाकण्याचा निर्णय थोड्यांचा आणि शिक्षा सर्वांना.

रान कसे आले

खांड पडल्यावर काय होते ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पहिल्या वर्षी भात करपते. दुसऱ्या वर्षी जमिनीवर मिठाची पांढरी साय दिसते. भरतीबरोबर खाडीचा गाळ आत येऊन बसू लागतो. त्या गाळाबरोबर तिवराची बी तरंगत येते. तिवराचे बी झाडावर असतानाच अंकुरलेले असते. चिखल भेटला की ते लगेच मूळ धरते. काटेरी मारांडी येते, चिप्पी येते. तिवराची मुळे चिखलातून वर बोटांसारखी निघतात, कारण दलदलीत वारा मिळत नाही म्हणून ती हवेतून श्वास घेतात. त्या बोटांत आणखी गाळ अडकतो आणि आणखी बी रुजते. दहा-पंधरा वर्षांत माणसाच्या डोक्यावर जाईल असे रान उभे राहते. खाचरांचे आतले बांध काही काळ दिसतात, मग तेही दिसेनासे होतात.

असे केवळ आमच्याकडेच झाले असे नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागात व्हर्माँट म्हणून राज्य आहे. एकोणिसाव्या शतकात तेथले बहुतेक रान तोडून शेते व मेंढ्यांची कुरणे केलेली होती. पुढे पश्चिमेकडची सुपीक जमीन खुली झाली, गिरण्यांची गावे वाढली, माणसे गेली. आज त्या राज्याचा शेकडा ७० हून अधिक भाग रानाखाली आहे, आणि दाट झाडीत शेतांचे दगडी गडगे अजून उभे आहेत. पोर्तो रिको बेटावर १९४० च्या सुमारास रान शेकडा दहाहून कमी उरले होते. सरकारने कारखाने आणले, ऊस-कॉफीचे मळे ओस पडले, आणि रान परत फिरले.

हॉलंडचे उदाहरण आम्हास अधिक जवळचे. तो देशच बांधांवर उभा. तेथे आणि शेजारच्या फ्रीसलँडात जुना नेम असा होता, की ज्यास आपल्या वाट्याचा बांध सांभाळणे झेपत नाही त्याने आपले फावडे बांधात रोवावे आणि जमीन सोडून जावे; जो ते फावडे उपटील त्याने जमीन घ्यावी आणि बांधही घ्यावा. नेम कठोर खरा, पण त्यात शहाणपण होते: जमीन आणि बांध यांची फारकत होऊ द्यावयाची नाही. त्याच मुलखात साफ्टिंगे नावाचा प्रदेश १५८४ साली युद्धात बांध फोडल्याने बुडाला, आणि आज चारशेहून अधिक वर्षांनी ती खाडीकाठची मोठी राखीव दलदल म्हणून प्रसिद्ध आहे.

आणि घराजवळचे गोवे. तेथील खाजन जमिनीचे बांध व मानशी गावकरीच्या व्यवस्थेखाली राखल्या जात. १९६१ साली गोवे मुक्त झाले, १९६४ साली कुळांचे संरक्षण करणारा कायदा झाला, गावकरीचा अधिकार ओसरला. पुढे कित्येक खाजनांत पाणी शिरले आणि कांदळवन वाढले. जुलमी वा विषम का होईना, एक जुनी व्यवस्था गेली आणि नवी मुळे धरण्याआधीच पाणी आत आले. कोनची आणि गोव्याची कथा येथे एक होते.

लाभ कोणास, तोटा कोणास

आता खतावणी मांडू. आधी जमेची बाजू, कारण ती लहान नाही. तिवराच्या मुळांत कोळंबी वाढते, चिंबोरी वाढते, निवट्या मिळतात. पाण्याच्या घाणीने मासळी कमी झाली असली तरी ज्या घरांत अजून जाळे आहे त्यांना या रानाचा आधार आहे. उधाणाचा मार हे रान आपल्या अंगावर घेते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि इकडे उल्हासच्या काठची वस्ती पाण्यात गेली. त्यानंतर ज्या जागी पाण्याला पसरावयास वाव आहे तेथे भराव घालू नये, हे शाळेतल्या पोरालाही कळले. राष्ट्रीय वन सर्वेक्षणाच्या अहवालात महाराष्ट्राचे कांदळवन २०१३ साली १८६ चौरस किलोमीटर होते. २०२१ साली ते ३२४ चौरस किलोमीटर दाखविले आहे. यातील काही वाढ मोजणी अधिक बारीक झाल्याची असेल, तरी किनाऱ्यावर रान वाढले आहे हे डोळ्यांनाही दिसते.

आता नावेची बाजू. गावाने भात गमावले, आणि भाताबरोबर पेंढा, गुरे व त्या जातींचे बियाणे गमावले. बायकांनी आपले काम गमावले. पुरुष कारखान्यात गेला तेव्हा शेत बाईच्या हाती आले होते, आणि त्या शेतामुळे घरात तिच्या शब्दाला वजन होते. शेत बुडाल्यावर ती पगाराकडे डोळे लावून बसली. गावाने वैशाखातली ती बैठक गमावली, जिच्यात बांधाचा वाटा ठरे आणि त्या निमित्ताने भाऊबंदकीचे चार तंटेही मिटत. आज आमच्या गावात सभा होतात. पण ज्या सभेत गैरहजर राहिले तर शेजाऱ्याचे भात बुडेल, अशी सभा एकही नाही.

आणि शेवटी कागद. सातबाऱ्यावर भातशेती, जागेवर तिवर. ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडण्यास मनाई केली, त्यापासून पन्नास मीटरांत बांधकाम व भराव करण्यास बंदी घातली, आणि जमीन कोणाच्याही मालकीची असो, तीवरील कांदळवन राखले जावे असे ठरविले. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने ते कायम केले. २०१२ साली त्यासाठी वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. निकाल योग्य आहे. तो नसता तर मुंबई बंदरापासून कल्याणपर्यंत खाडीचे गटार करण्यास आमच्या काळातील धनिकांना दहा वर्षेही लागली नसती.

परंतु त्या निकालाचे ओझे कोणाच्या पाठीवर पडले ते पाहा. मुंबईची जकात चुकविण्याच्या सोयीने, आणि २०१७ साली जकात गेल्यावर रस्त्यांच्या सोयीने, भिवंडीभोवतीच्या ग्रामपंचायतींत गोदामांची रांग लागली. २००७ साली अशा ६० गावांचे नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेले. रस्त्याकडेच्या उंच जमिनीचा मालक मालदार झाला. खाडीकडचा, ज्याचे शेत बुडाले, तो तसाच राहिला. त्याला शेत करता येत नाही, कारण बांध नाही. बांध पुन्हा घालता येत नाही, कारण आत रान आहे. विकावयाचे तर कायदेशीर गिऱ्हाईक नाही. मग रात्री येतो तो दलाल. तो म्हणतो, तुम्ही काही करू नका, फक्त डोळे मिटा. चार रात्री डंपर येतील, राडारोडा पडेल, तिवर आपोआप मरेल. पैसे थोडे, पण रोख.

हा दलाल आमच्या घरीही आला होता. आमच्या थोरल्या बंधूंना मुलीच्या लग्नाचे कर्ज होते, आणि बावीस गुंठ्यांत निम्मा वाटा त्यांचा. ते आम्हास म्हणाले, "तू व्याख्याने देतोस, पण या झाडांनी मला आजवर काय दिले?" आम्ही त्यांना पर्यावरणाचे चार शब्द ऐकविले. ते गप्प राहिले, पण पटल्यामुळे नव्हे. नंतर एका सरकारी कचेरीत आम्ही दोघे मिळून गेलो. आमच्या जमिनीवर रान आहे तर त्याचा मोबदला वा भाडे काही आहे काय, असे विचारले. तेथील गृहस्थ म्हणाले, जमीन तुमचीच आहे, मोबदला कसला? दुसऱ्या कचेरीत म्हणाले, तेथे रान आहे, जमीन तुमची कसली? परत येताना पुलावर बंधू थांबले, त्या हिरव्या पट्ट्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "डंपर नको. पण तू भाषणात हेही सांग." म्हणून हे सांगितले.

आमच्या चळवळीचीही एक चूक येथे कबूल केली पाहिजे. तरुणपणी आम्ही गेटवर सभा घेत असू तेव्हा शेतीसाठी रजा मागणाऱ्या कामगाराला 'अर्धा कामगार' म्हणून हिणवीत असू. हा एक पाय शेतात ठेवतो म्हणून संपात पक्का राहत नाही, असे आमचे म्हणणे. खरे पाहता संपाच्या दिवसांत याच अर्ध्या कामगाराच्या घरी भात होते आणि तोच अधिक दिवस टिकत होता. चरीच्या शेतकऱ्यांनी संपाच्या काळात रानाचा आधार घेतला. गिरणी कामगारांनी संपाच्या काळात कोकणातल्या शेताचा आधार घेतला. आम्ही पगारवाढ मागितली, बोनस मागितला, माथाडी कायद्याची अंमलबजावणी मागितली. वैशाखात बांधासाठी आठ दिवसांची भरपगारी रजा मात्र एकाही मागणीपत्रात मागितली नाही. ती मागणी मालकाने मान्य केली असती की नाही हा प्रश्न निराळा. आम्हास ती सुचलीच नाही, हा आमचा दोष.

पुढे काय

रान तोडून पुन्हा भात करावे, असे आम्ही म्हणत नाही. बांध सांभाळणारी माणसे उरली नाहीत, आणि समुद्राची पातळी वाढते आहे. अशा वेळी ते रान तोडणे म्हणजे स्वतःच्या घराची भिंत पाडणे होय. आमचे म्हणणे तीन गोष्टींपुरते आहे.

पहिली, ज्या खाडीकाठच्या गावांत बांध अजून उभे आहेत आणि भात पिकते आहे, तेथे ते पडेपर्यंत वाट पाहू नये. खांड बुजविण्यास लागणारे चार दिवस आणि ती न बुजविल्याने जाणारी चार पिढ्यांची जमीन, हा हिशेब सरकारी अधिकाऱ्यास समजावून सांगणे अवघड नाही. दुसरी, ज्यांच्या सातबाऱ्यावर रान उभे आहे त्यांची मोजणी करून नोंद करावी, आणि सर्व शहराच्या रक्षणासाठी त्यांची जमीन अडली आहे हे मान्य करून त्यांना वार्षिक मोबदला द्यावा. तो मिळू लागला की डंपरचा दलाल आपोआप बेकार होईल. पहाऱ्याने तो कधी होणार नाही. तिसरी, २०१७ पासून सरकारने कांदळवनाच्या आधाराने खेकडेपालन, कालवांची शेती यांसारखे धंदे गावच्या समित्यांमार्फत सुरू केले आहेत, ते आमच्या खाडीतही, पाणी आधी स्वच्छ करून, आणावेत. आणि त्या समित्यांत ज्यांचे भात बुडाले त्या बायकांना पहिले स्थान द्यावे.

शहरातील श्रोत्यांना आमची एवढीच विनंती आहे, की पुढच्या वेळी दुर्गाडीच्या पुलावरून जाताना तो हिरवा पट्टा पाहून जरूर आनंद मानावा. मात्र निसर्ग जिंकला असे म्हणू नये. तेथे निसर्गाशी कोणी लढत नव्हते. तेथे माणसे एकमेकांच्या हातात हात देऊन उभी होती, त्या साखळीतली एकेक कडी पगारासाठी निघून गेली, आणि जी शेवटपर्यंत उभी राहिली तिचे नुकसान सर्वांत जास्त झाले. ते रान राखावयाचे असेल तर पुन्हा घरटी एक माणूस लागेल. आणि या खेपेस त्या घरांत कल्याणची, ठाण्याची आणि मुंबईची घरेही मोजली पाहिजेत.